रंग कोणासाठीं?

दिवाळी तोंडावर आली, कीं आमच्या घरीं एक वही निघते. एकत्र कुटुंबांत वहीवांचून कोणतेंच कार्य पार पडत नाहीं. मग सोळा माणसांची कपड्यांची खरेदी तरी कशी पार पडावी? एकाखालीं एक नांवें लिहावयाचीं आणि प्रत्येक नांवापुढें काय घ्यावयाचें त्याची नोंद करावयाची, हें काम गेलीं वीस वर्षें माझ्याकडे आहे. थोरल्या जाऊबाईंच्या नांवापुढें "आमसुली किंवा डाळिंबी, रुंद कांठ", पुतणीच्या नांवापुढें "तिला विचारून", सासूबाईंच्या नांवापुढें "राखी रंग नको", असें कांहीं ना कांहीं लिहिलेलें असतें. आमच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या धाकट्या बहीण, यांच्या नांवापुढें मात्र दरवर्षीं एकच शब्द पडत आला: "फिकट". माझ्या आधींच्या वह्या सासूबाईंच्या हातच्या आहेत. त्यांतही तोच शब्द आहे.

गेल्या वर्षीं तो शब्द लिहितांना माझा हात थांबला. तो कां थांबला, हें सांगितल्यावांचून रंगांविषयीं कांहीं लिहिणें मला आतां अपुरें वाटतें. बैठकीच्या खोलीला कोणता रंग द्यावा, सावळ्या वर्णाला कोणतें पातळ शोभेल, नव्या सुनेला पहिल्या सणाला कोणत्या रंगाचें वस्त्र द्यावें, असे प्रश्न वाचक-भगिनी नेहमीं विचारीत असतात. त्यांचीं उत्तरें देण्यास मी कोणी रंगशास्त्री नव्हे. पण एका गोधडीनें मला जें शिकविलें, तें येथें सांगतें.

गेल्या वर्षींच्या श्रावणांत आमच्या पुतणीला मुलगी झाली. घरांत मूल जन्मास आलें, कीं बारशाला आत्याबाईंच्या हातची गोधडी, हा आमच्याकडील नेम आहे. आत्याबाईंनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत; तरी त्यांचा धांवदोरा पट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखा सरळ जातो. बारशाच्या दिवशीं ती गोधडी मी मांडीवर घेऊन पाहत बसलें. तिच्यांतील तुकडा न् तुकडा माझ्या ओळखीचा होता. हा डाळिंबी जाऊबाईंच्या सुती पातळाचा, ही मोरपंखी पट्टी माझ्या स्वतःच्या, हा लिंबू रंग पुतणीच्या लहानपणच्या परकराचा. डाळिंबीशेजारीं लिंबू, लिंबाशेजारीं मोरपंखी, आणि चारी बाजूंनीं जुन्या चंद्रकळेची काळी किनार! रंगांची अशी जुळणी मीं मोठमोठ्या दुकानांच्या कांचेआडही पाहिलेली नाहीं.

मी सहज विचारलें, "आत्याबाई, यांत तुमच्या पातळाचा तुकडा कुठं दिसत नाहीं तो?"

त्या हंसून म्हणाल्या, "आहे की! आंतले थर सगळे माझ्याच लुगड्यांचे आहेत. फिकट कापड वर कशाला घालायचं? तें पोटांत. ऊब त्यानंच येते."

त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र तें वाक्य त्या रात्रीं झोंप येऊं देईना. जिला रंगांची एवढी जाण, तिच्या अंगावर गेल्या पन्नास वर्षांत आम्ही एकही रंग पडूं दिला नव्हता.

गोधडीनें शिकविलेली पहिली गोष्ट ही, कीं रंग शोधावयास दूर जावें लागत नाहीं. हल्लीं कोणाला घर सजवावयाचें झालें, कीं मोबाइलवरचीं परदेशांतील घरांचीं चित्रें पुढें येतात आणि त्यांतील करड्या-पांढऱ्या खोल्या पाहून आपल्याही भिंती करड्या होतात. वास्तविक रंगांच्या बाबतींत आपली भाषाच एक भांडार आहे. डाळिंबी, अंजिरी, जांभळा, वांगी, लिंबू, आमसुली, बदामी हीं नांवें स्वयंपाकघरांतून आलीं. अबोली, गुलबक्षी, केतकी, मेंदी हीं परसांतून आलीं. मोरपंखी आणि पोपटी पांखरांनीं दिलीं. अस्मानी आकाशानें दिलें. आणि तपकिरी हें नांव तर आजोबांच्या तपकिरीच्या डबींतून निघालें. हीं नांवें बाजारानें ठेवलेलीं नाहींत. ज्यांनीं रोज डोळे उघडे ठेवून घरांत कामें केलीं, त्यांनीं तीं ठेवलीं.

या नांवांचा आणखी एक उपयोग आहे. नुसतें "तांबडें" म्हटलें, तर पुढें कांहींच सुचत नाहीं. "डाळिंबी" म्हटलें, कीं अख्खें डाळिंब डोळ्यांपुढें उभें राहतें. तें फोडून ताटलींत ठेवा. दाणे तांबडे, मधला पापुद्रा पिवळसर पांढरा, साल तांबूस पिवळी. डाळिंबी पातळाला कोणता कांठ शोभेल, याचें उत्तर त्या ताटलींतच आहे. अंजीर चिरून पाहा: बाहेर जांभळट हिरवी साल, आंत गुलाबी गर. अबोलीचा गजरा पाहा: त्या नारिंगी-गुलाबी फुलांना हिरव्या देंठांची जोड असते, म्हणूनच तो केसांत इतका खुलतो. ज्या भगिनीला खोलीसाठीं रंगांची जोडी सुचत नसेल, तिनें बाजारांतील भाजीची पिशवी ओट्यावर ओतावी आणि पांच मिनिटें नुसतें पाहावें. वांग्याच्या जांभळ्यावर हिरवा देंठ कसा बसला आहे, तें पाहिल्यावर पडद्यांची चिंता उरणार नाहीं.

पूर्वीं मात्र एवढी निवड करण्याची सोय नव्हती. रंग नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद, कुसुंबा यांपासून काढावे लागत. त्यांना वेळ लागे, पैसा लागे आणि कांहीं फार लवकर विटत. कुसुंब्याचा सुंदर रंग उन्हांत थोडक्याच दिवसांत उडे. १८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कोयनेल बनविण्याच्या खटपटींत दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांतून अचानक एक जांभळा रंग सांपडला, आणि रंगांची दुनियाच पालटली. १८९७ सालीं जर्मन कारखान्यानें बनविलेली कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि आपल्याकडील निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. तेव्हांपासून रंग स्वस्त होत गेले. आज फिकट पातळाला आणि गडद पातळाला एकच किंमत पडते. म्हणजे पूर्वीं रंग मिळणें अवघड होतें, आतां निवडणें अवघड झालें आहे. आणि कोणाला एखादा रंग मिळत नसेल, तर त्याचें कारण रंगाऱ्याकडे नसून आपल्याकडे आहे.

दुसरी गोष्ट शेजाराची. आत्याबाईंच्या गोधडींत मोरपंखी पट्टी मला ओळखूं आली, तरी ती माझ्या पातळांत कधींच एवढी उठून दिसली नव्हती. पिवळ्याशेजारीं ती बसली, म्हणून ती तशी दिसली. हें मर्म एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें फार पूर्वीं उलगडलें आहे. पॅरिसजवळ नव्हे, पॅरिसमध्येंच, गोबेलां नांवाचा चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध सरकारी कारखाना होता. तेथील रंगशाळेचा प्रमुख म्हणून १८२४ सालीं मिशेल शेव्रल यांची नेमणूक झाली. तेथें काळ्या सुतासंबंधीं तक्रार होती, कीं तें विणल्यावर फिकें पडतें. शेव्रल यांनीं तपासून पाहिलें, तर रंग चोख होता. दोष होता तो शेजारच्या निळ्या आणि जांभळ्या सुताचा. जवळजवळ ठेवलेले दोन रंग डोळ्यांना एकमेकांपासून आहेत त्याहून अधिक निराळे भासतात, हा नियम त्यांनीं १८३९ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडला.

आपल्या विणकरांनीं हा ग्रंथ वाचला नव्हता. पण येवल्याची पैठणी पाहा, किंवा गुळेदगुड्डचा खण पाहा. हिरव्या अंगाला तांबडा कांठ, निळ्याला नारिंगी, जांभळ्याला सोनेरी जर. एकमेकांपासून दूरचे रंग शेजारीं आणले, कीं दोघेही उजळतात. आणि तें उजळणें फार होऊन डोळ्यांना टोंचूं नये, म्हणून मध्यें जरीची किंवा काळ्याची बारीक रेघ. धूपछांव वस्त्रांत तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळें प्रत्येक चुणीगणिक रंग पालटतो.

हाच नियम घराला आणि देहाला लागू आहे. "सावळ्या वर्णाला गडद रंग शोभत नाहीं" हें वाक्य अनेक मुलींनीं लहानपणापासून ऐकलेलें असतें, आणि तें मनांत ठेवून जन्मभर बदामी व मोतिया नेसून काढलेलें असतें. त्वचेचा रंग हाही एक शेजारीच होय. कोणता शेजार त्याला मानवतो, हें ऐकीव वाक्यावर ठरवूं नये. पदर चेहऱ्याजवळ धरून आरशांत पाहावें. कित्येक सावळ्या मुली डाळिंबींत आणि हळदी पिवळ्यांत जशा खुलतात, तशा बदामींत खुलत नाहींत. भिंतींचेंही असेंच. चुन्याच्या सफेतींत आपले वडील चिमूटभर नीळ कां घालीत? चुन्याच्या पिवळसर झांकेला निळा रंग मारतो आणि भिंत अधिक शुभ्र दिसते, हा अनुभव त्यांच्या गांठीं होता म्हणून.

तिसरी गोष्ट उजेडाची. आणि ती शिकतांना मीं चूक केली. बारशानंतर एके दुपारीं आत्याबाई एकट्या निवडणटिपण करीत बसल्या होत्या. मी शेजारीं बसलें आणि विचारलें, "आत्याबाई, तुम्हांला स्वतःला कोणता रंग आवडतो?" त्यांचा हात सुपांतच थांबला. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "चिंतामणी. माझ्याकडे होतं एक पातळ, तांबड्या कांठाचं. तें मग नेसणं राहिलं. फाडून तुझ्या नवऱ्याच्या गोधडींत घातलं. पहिली गोधडी ती."

मला एवढेंच पुरें होतें. कोणालाही न सांगतां मी दुसऱ्याच दिवशीं एका दुकानांत गेलें आणि पांढऱ्या दिव्यांच्या झोतांत एक चिंतामणी पातळ पसंत करून आणलें. निळा, पण हिरव्याची किंचित झांक असलेला तो रंग तेथें अगदीं मनासारखा दिसला. घरीं येऊन माजघरांतील खिडकीशीं उलगडलें, तों तें उग्र हिरवें! मी दुकानदारावर मनांतल्या मनांत चिडलें. पण दोष त्याचा नव्हता. वस्तूचा रंग म्हणजे तिच्यावर पडणाऱ्या उजेडांतला तिनें परत पाठविलेला भाग. दिवा बदलला, कीं परत येणारा भागही बदलतो; दोन वस्त्रें एका दिव्याखालीं जुळीं दिसतात आणि उन्हांत नेतांच दूरचीं ठरतात.

याच कारणानें भिंतीचा रंगही पुस्तकांतील बोटभर चौकोन पाहून ठरवूं नये. दोन हात लांबरुंद पट्टा समोरासमोरच्या दोन भिंतींवर लावून घ्यावा आणि तो सकाळीं, तिसरे प्रहरीं व रात्रीं दिव्याखालीं पाहावा. उत्तरेकडील खोलींत थेट ऊन फारसें येत नाहीं. तेथें निळे-करडे रंग थंड वाटतात, तर केशरी, हळदी किंवा बदामी छटेनें ऊब येते. पश्चिमेकडील खोली सायंकाळीं आपोआपच तांबडी होते. तेथें शेवाळी किंवा फिकट अस्मानी डोळ्यांना विसांवा देतो. आणि चारही भिंती रंगल्या, कीं त्या एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून मनांत असेल त्याहून एक छटा फिकीच घ्यावी.

पण माझी खरी चूक दिव्यांची नव्हती. आत्याबाईंचा रंग मीं आत्याबाईंना न नेतां आणला होता. पन्नास वर्षें घरानें त्यांना न विचारतां फिकट दिलें. मीं त्यांना न विचारतां गडद दिलें. सुधारणेच्या उत्साहांतही हुकूम चालविण्याची संवय कशी लपून बसते, हें तेव्हां मला कळलें.

आपल्या समाजांत विधवेच्या रंगाचा इतिहास काय आहे, हें वृद्ध वाचकांस सांगावयास नको. केशवपन आणि तांबूस आलवण हें एके काळीं ब्राह्मण घराघरांत दिसे. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं एका विधवेशीं विवाह केला, १८९६ सालीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला, आणि अशा अनेकांच्या कष्टांनीं तें आलवण गेलें. तरी त्याची सांवली उरलीच. २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड येथील ग्रामपंचायतीला कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींनाही तसें करण्यास सांगितलें. आमच्यासारखीं शिकलेलीं घरें तो ठराव वाचून संतोष मानतात. आमच्याकडे कोणी कोणाचें कुंकू पुसलें नव्हतें. आम्ही फक्त वहींत एक शब्द लिहीत होतों.

चूक कळल्यावर मी तें पातळ आत्याबाईंपुढें ठेवलें आणि सारें सांगितलें. त्यांनीं तें उलगडून पाहिलें आणि म्हणाल्या, "हा चिंतामणी नव्हे ग. चल, मी येतें." दुकानांत त्यांनीं चार पातळें काढावयास लावलीं आणि एकेक घेऊन स्वतः पायरीवर उन्हांत गेल्या. मग सांवलींत. मग पदर उलटा करून पाहिला, कांठ बोटांनीं दुमडून अंगाशेजारीं धरला. दुकानांतील तरुण मुलगा आधीं कंटाळला होता; शेवटीं तोच म्हणाला, "आजी, तुम्ही घेतलंत तेंच सगळ्यांत चांगलं आहे." तांबड्या कांठाचें होतें तें. अर्थातच.

भेट म्हणजे काय, याचा विचार मी त्या दिवसापासून निराळ्या रीतीनें करूं लागलें. आपण घरांत वस्त्रें वांटतों तीं बहुधा नात्याकडे पाहून: सासूला भारी, जावेला तोडीस तोड, कामाच्या बाईला टिकाऊ, विधवेला फिकट. ही वांटणी झाली, भेट नव्हे. भेटींत घेणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. त्यासाठीं खर्च करावा लागत नाहीं. मैत्रिणीच्या घरीं गेलां, तर तिच्या देवघरांत कोणत्या रंगाचीं फुलें अधिक असतात तें पाहा. तिची जुनी झालेली, तरी टाकवत नसलेली साडी कोणती तें पाहा. दुसऱ्याच्या भिंतीसाठीं मोठी वस्तु घेऊं नये, ती तेथें शोभेल याचा नेम नसतो. सावंतवाडीचीं लाखेचीं रंगीत लांकडी फळें किंवा ओंजळभर आकाराची एखादी डबी कोठेंही सामावते. चकचकीत कागदाऐवजीं अर्धा खण गुंडाळला, तर वेष्टनही भेट होतें आणि पुढें एखाद्या गोधडींत जातें.

रूढीचे रंग सगळेच टाकावे असें मी म्हणत नाहीं. एरवीं अशुभ मानलेला काळा रंग थंडींतल्या संक्रांतीला आपण कौतुकानें नेसतों, त्यावर हलव्याचे दागिने घालतों. म्हणजे आपल्या वाडवडिलांनींही ऋतु पाहून नियम वांकविले. ऋतूसाठीं जो नियम वांकतो, तो माणसासाठीं कां वांकूं नये?

भाऊबीजेच्या संध्याकाळीं मामंजी पाटावर बसले. दरवर्षीं आत्याबाई ओंवाळून लगेच आंत जात. त्या दिवशीं त्या चिंतामणी पातळ नेसून आल्या, तेव्हां दिवाणखान्यांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मामंजी पंचाऐंशीचे आहेत. त्यांना कमी दिसतें. त्यांनीं निरांजनाच्या उजेडांत बहिणीकडे बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, "इतकीं वर्षं मला वाटायचं, तुलाच रंग नको आहेत."

आत्याबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाहीं, दादा."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. राग असता, तर आम्हांला सोपें गेलें असतें.

यंदांची वही मीं काल उघडली आहे. आत्याबाईंच्या नांवापुढें लिहिलें: "विचारून". मग पान पुन्हा वरपासून वाचलें आणि उरलेल्या पंधराही नांवांपुढें तोच शब्द लिहिला.